खडीतली अंडी

जालन्यात लग्नाच्या शूटिंगची काटछाट करण्याच्या कामाला मिक्सिंग म्हणतात, आणि शालूचा त्या कामात हात चांगला बसलेला होता. पाठवणीच्या वेळी नवरीची आई रडलीच नाही, तर हळदीच्या दिवशी चुलीच्या धुरानं तिनं डोळे पुसले होते तो तुकडा उचलून तिथं बसवायचा. मामा मंडपात उशिरा पोचला, तरी अक्षता टाकणाऱ्यांत त्याला दाखवायचा. व्याह्यांचं तोंड वाकडं दिसलं की त्यावर गुलाबाच्या पाकळ्यांचा पाऊस पाडायचा. यात काही वावगं आहे असं शालूला कधी वाटलं नाही. लग्न तर झालेलंच असायचं, माणसंही तीच असायची. मागचं पुढं झालं तर कुणाचं काय बिघडत होतं?

तिचं माहेर घनसावंगीकडचं. वडील त्रिंबक मेंढरं राखायचे, ऊस तुटून गेला की गोदाकाठच्या मोकळ्या रानांत बसवायचे. शालू त्यांच्यासोबत हिंडत आणि मधूनमधून शाळेत जात दहावी झाली. लग्न झाल्यावर नवऱ्याबरोबर जालन्याला आली. परमेश्वर लोखंडाच्या मिलमध्ये कामाला होता आणि एमआयडीसीच्या कडेला त्यांनी खोली घेतली होती. घरात बसून कंटाळा यायला लागला तसं तिनं गजाननभाऊंच्या फोटो स्टुडिओत अल्बम चिकटवायचं काम धरलं. एका वर्षी ऐन लग्नसराईत मिक्सिंगवाला काम सोडून पुण्याला निघून गेला आणि गजाननभाऊंनी डोक्याला हात लावला. शालू म्हणाली, “मी बसू का? रोज बघूनच राह्यले.” तिनं पहिलं लग्न कापलं ते जरा वेडंवाकडं झालं, पण घेणाऱ्यांना काही कळलं नाही. मग ती खुर्ची तिचीच झाली.

यशश्री पहिल्यांदा स्टुडिओत आली ती पाडव्याच्या आसपास. जालन्यातल्या वकिलांची मुलगी, पुण्यात शिकलेली, काही वर्षं तिथंच एका शाळेत शिकवून परत आलेली. जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या लहान मुलांसाठी इथल्याच पशुपक्ष्यांवर छोट्या फिल्मा करायच्या, असं तिच्या मनात होतं. शाळांत टीव्ही आले होते, प्रोजेक्टर आले होते, पण त्यांवर दिसायचे ते बर्फातली अस्वलं आणि आफ्रिकेतले सिंह. यशश्रीला त्यांच्याबद्दल तक्रार नव्हती. तिला फक्त इथलंही काही असावं असं वाटत होतं. शूटिंगसाठी तिला ऋषी मिळाला होता. बँकेतल्या साहेबांचा मुलगा, कॅमेऱ्याचा कोर्स करून आलेला आणि लग्नाच्या ऑर्डरी घ्यायच्या नाहीत असं ठरवून बसलेला. कापायला माणूस नव्हता.

गजाननभाऊ म्हणाले, “सराई संपली की आमच्या शालूताईला घेऊन जा. पण तिला आमच्या लग्नांचीच सवय हाये, सांगून ठेवतो.”

पहिली फिल्म टिटवीवर करायची ठरली, कारण टिटवी आयती सापडली होती. एमआयडीसीत एका बियाणे कंपनीच्या कुंपणाला लागून मोकळा प्लॉट होता. कधीकाळी त्यावर खडी टाकून ठेवलेली. त्या खडीत टिटवीनं चार अंडी घातली होती. ऋषी रोज सकाळी गाडी प्लॉटच्या कडेला लावायचा आणि काच खाली करून आतूनच शूटिंग करायचा. माणूस पायी आला की टिटवी आकाश डोक्यावर घ्यायची, पण गाडीचं तिला काही वाटत नसे. त्यानं घाई केली नव्हती. ऊन चढल्यावर टिटवी उठून पाइपलाइनच्या गळतीपाशी जाते, पोटाची पिसं भिजवून येते आणि ओल्या अंगानं अंड्यांवर बसते, हे त्यानं सगळंच्या सगळं टिपलं होतं.

शालूनं ते पाहिलं तेव्हा ती बराच वेळ पडद्याकडं बघत राहिली. लहानपणी मेंढरांमागं हिंडताना टिटव्या पायातळीच असायच्या, पण टिटवी अंड्यांसाठी पाणी आणते हे तिला ठाऊक नव्हतं. तिनं ऋषीला तसं सांगितलंही. ऋषी म्हणाला, “मलाही नव्हतं. मला वाटलं, अंघोळ करून राह्यली.”

अंडी फुटायच्या आत एका सकाळी ऋषी गेला तर खडी रिकामी होती. टरफलही नव्हतं. टिटवी आणि तिचा जोडीदार तिथंच फिरत होते, पण ओरडत नव्हते. मुंगूस आला का, कुत्रं आलं, का आणखी काही, ते कळायला मार्ग नव्हता.

ऋषी हताश होऊन स्टुडिओत येऊन बसला. “सगळं गेलं, ताई. शेवटच न्हाई आता.”

शालूला त्यात एवढं हताश होण्यासारखं काही दिसेना. “दुसरी टिटवी बघ की. पिल्लंवाली. जोडून टाकू. टिटवी टिटवीसारखीच दिसती.”

ऋषी जरा घुटमळला, पण असं सगळीकडेच करतात हेही त्याला माहीत होतं. बदनापूरजवळ एका ओळखीच्यांच्या रानात त्याला पिल्लं मिळाली. कापसाच्या गोळ्याला काड्यांचे पाय लावावेत तशी पिल्लं, आईनं हाक दिली की जिथल्या तिथं मातीत दबून बसणारी. शालूनं ती बासरी लावून फिल्मच्या शेवटी बसवली. मधे थोडा थरार हवा होता, म्हणून प्लॉटमधून जाणारं एक काळं कुत्रं तिनं उचललं. मूळच्या शूटिंगमध्ये ते खडीच्या कडेनं खाली मान घालून निघून गेलं होतं. शालूनं त्याची चाल हळू केली, मागून ढोलाचा आवाज लावला आणि मधूनमधून टिटवीचा डोळा दाखवला. कुत्रं एकदम दरोडेखोर दिसायला लागलं. निवेदनाला छत्रपती संभाजीनगरहून एका भारदस्त आवाजाच्या गृहस्थांना बोलावलं. त्यांनी ‘वात्सल्याची ही मूर्तिमंत प्रतिमा’ पासून सुरुवात केली आणि शेवटपर्यंत ते खाली उतरले नाहीत.

यशश्रीला फिल्म आवडली. ती म्हणाली, “आधी मुलांना दाखवू, मग बाकीच्या शाळांना देऊ.” तिनं एमआयडीसीमागची शाळा निवडली. प्लॉट तिथून हाकेच्या अंतरावर होता, आणि आपल्याच शेजारचा पक्षी पाहून मुलं खूश होतील असं तिचं म्हणणं. तिसरीच्या वर्गाच्या सत्यशीलाबाईंनी खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केला. दुसरी-तिसरीची मुलं एकत्र बसवली. बहुतेक मिलकामगारांची लेकरं. त्यांत बिहारकडून आलेल्यांचीही होती, त्यांना मराठी येत होतं पण भारदस्त मराठी येत नव्हतं.

निवेदक बोलत होते तोवर मुलं एकमेकांना ढोसत होती. टिटवी पोट भिजवायला लागली तेव्हा गप्प झाली. मग ढोल वाजला, काळं कुत्रं आलं, आणि मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, “ओ बाई, हा तर काल्या हाये.”

वर्गात हशा पिकला. काल्या शाळेचाच होता. दुपारची खिचडी वाटताना रोज ओट्याखाली येऊन बसायचा.

“काल्या अंडे खातो?” एका पोरीनं सत्यशीलाबाईंना विचारलं.

“खिचडी खातो तो,” दुसरा म्हणाला. “मी अंडा दिल्ता तर हुंगून गेल्ता.”

पण पहिल्या बाकावरची दोन-तीन मुलं हसत नव्हती. त्यांच्यातला एक म्हणाला, “आता आला की हानतो त्याला.” सत्यशीलाबाईंनी त्याला गप्प केलं. तोवर पडद्यावर बदनापूरची पिल्लं आली, वर्गभर टाळ्या पडल्या आणि फिल्म संपली. यशश्रीच्या चेहऱ्यावर समाधान होतं. तिनं विचारलं, “आवडली का?”

“हौ,” सगळे म्हणाले. आणि लगेच एक मुलगी उठून उभी राहिली. “मॅडम, ते पिल्लं मागच्या पलाटातच हायेत ना? मधल्या सुट्टीत जाऊन बघू का आमी?”

“मी बी.” “बाई, आमी बी.”

सत्यशीलाबाईंनी यशश्रीकडं पाहिलं. यशश्री म्हणाली, “ती आता मोठी झाली असतील...” आणि थांबली. शालू भिंतीला टेकून उभी होती. मधल्या सुट्टीत ही एवढी पोरं त्या खडीत वाकून वाकून शोधतील, एवढंच तिच्या डोळ्यांसमोर आलं. ती पुढं झाली.

“तिथं न्हाईत पिल्लं,” ती म्हणाली. “तिथली अंडी गेली. हे पिल्लं बदनापूरचे. दुसऱ्या टिटवीचे.”

पोरं एकमेकांकडं बघायला लागली.

“कोण नेले अंडे?”

“ठाऊक न्हाई. आमी तिथं नव्हतो तवा.”

“काल्यानं?”

“काल्याला आमी फक्त तिथून जाताना बघितलं. त्यानं काहीच केलं न्हाई. ढोल मी लावला.”

“काहून लावला?”

“मला वाटलं, तुमाला मजा येईल,” ती म्हणाली. काही मुलं हसली. ज्यानं काल्याला हाणायचं ठरवलं होतं तो मात्र तिच्याकडं टक लावून बघत होता.

मग प्रश्नांची रांगच लागली. टिटवी रडली का? तिनं पुन्हा अंडी घातली का? ती बापटिटवी कुठं होती? तिला झाडावर घरटं का करता येत नाही? एक जण म्हणाला, “माझी आजी म्हणती, टिटवी वरडली की कुणीतरी मरतं.” शालू म्हणाली, “माझी आई बी म्हणायची. पण तिथं ती वरडत होती ते आमी अंड्याजवळ गेल्तो म्हणून.” घंटा झाली तरी पोरं उठेनात. शेवटी खिचडीच्या वासानं ती बाहेर गेली.

शाळेबाहेर गाडीत बसल्यावर यशश्रीनं खिडकीची काच खाली केली. मग म्हणाली, “शालूताई, ते मुलांसमोर सांगायलाच हवं होतं का? आपण नंतर बसून ठरवलं असतं.”

“नंतर म्हंजे ते जाऊन आल्यावर.”

“हो, पण दुसरीतल्या मुलांना हे झेपत नाही. मी लहान असताना एक फिल्म पाहिली होती. हरणाचं पाडस मरतं त्यात. मी कितीतरी दिवस आईला चिकटून झोपायचे. मला तशी फिल्म करायची नाही. म्हणून मी तुमच्या जोडाजोडीला काही म्हटलं नाही.”

शालूनं हे आधी ऐकलं नव्हतं. यशश्रीला फिल्म गोड का हवी असते, याचा तिनं कधी विचारच केला नव्हता. शिकलेल्या बाईची आवड, एवढंच समजून ती चालली होती. ती म्हणाली, “मॅडम, मरण दाखवायचंच असं न्हाई मी म्हणत. आपण मरण बघितलंच कुठं? आपण रिकामी खडी बघितली. तेवढीच दाखवू.”

“आणि त्यानंतर?”

ऋषी गाडी चालवत होता. तो म्हणाला, “त्यानंतर ते दोघं गेले न्हाईत. कंपनीच्या तारेच्या आत जाऊन बसून राह्यलेत. मी लांबून घेतलंय थोडं. कामाचं वाटलं नव्हतं.”

शालूनं फिल्म नव्यानं कापायला घेतली. हे काम लग्नासारखं नव्हतं. लग्नात तुकडा जेवढा लहान तेवढा बरा, कारण बघणाऱ्याला स्वतःचं तोंड दिसेपर्यंतच धीर असतो. इथं तिनं उलटं करून पाहिलं. टिटवी पाण्याला जाते ते ऋषीनं घेतलं होतं तसं अखंड ठेवलं. ढोल काढला, बासरी काढली, खडीवर पाय वाजतात तो आवाज राहू दिला. मागून मिलचा सायरन येत होता, तोही काढला नाही. काल्या आला, गेला, आणि टिटवी पुन्हा बसली, एवढंच ठेवलं.

सगळ्यात जास्त विचार तिनं अंड्यांच्या एका दृश्याचा केला. ऋषीनं टिटवी उठून गेल्यावर लेन्स लांबवून नुसत्या खडीचं चित्र घेतलं होतं. राखाडी, तपकिरी, ठिपक्यांची खडी, आणि तिच्यातच कुठंतरी चार अंडी. पहिल्या वेळी तिनं ते टाकून दिलं होतं, कारण त्यात काही दिसतच नव्हतं. आता तिला वाटलं, दिसत नाही तेच तर दाखवायचंय. ते चित्र तिनं पडद्यावर ठेवलं आणि बराच वेळ हलूच दिलं नाही. मग ऋषीला विचारलं, “अंडी गेल्यावर इथंच उभं राहून घेतलंस का काही?” त्यानं घेतलं होतं, गाडी रोजच्याच जागी असायची. तिनं तेही तेवढाच वेळ ठेवलं, आणि त्याच्यावर शब्द घातला नाही.

ज्या निवेदकांचा आवाज होता त्यांना परत बोलावायचं होतं. तोवर कुठं काय बोलायचं ते कळावं म्हणून शालूनं स्वतःच्या आवाजात वाक्यं भरून ठेवली. ‘अंडे कुठं हायेत? हुडका.’ ‘ही दुसरी टिटवी हाये. बदनापूरची.’ अशी चार-पाच शब्दांची वाक्यं. यशश्रीनं ती कच्ची फिल्म पाहिली आणि म्हणाली, “हाच आवाज राहू द्या.” शालूला लाज वाटली. “हे काय बोलणं हाये का, मॅडम? पुस्तकात असं नसतं.” यशश्री म्हणाली, “बिहारची मुलंही यातलं सगळं समजतील. त्या साहेबांचं मलाच समजत नव्हतं.”

एका गोष्टीवर मात्र दोघींचं शेवटपर्यंत जमलं नाही. शालूला रिकाम्या खडीनंतर तारेमागची जोडी दाखवून तिथंच थांबायचं होतं. यशश्रीला पिल्लं हवीच होती. लहान मुलांना वर्गातून बाहेर जाताना डोळ्यांसमोर पिल्लू असू द्या, असं ती म्हणत होती. अखेर पिल्लं राहिली, पण ‘दुसरी टिटवी’ हे वाक्य त्यांच्या आधी आलं.

त्याच वर्गात पुन्हा दाखवायचं ठरलं. सत्यशीलाबाईंनी आधीच बजावलं होतं, पडद्याला हात लावायचा नाही. पण खडीचं चित्र आलं, ‘हुडका’ म्हटलं गेलं, आणि निम्मा वर्ग उठून भिंतीपाशी गेला. बोटांच्या सावल्या पडद्यावर नाचायला लागल्या. “हे बघ, इथं.” “ते दगड हाये.” “दगडाला ठिपके असतात का?” तीन अंडी लवकर सापडली, चौथ्यासाठी भांडण झालं. बाईंनी कुणाला जागेवर बसवलं नाही.

नंतर तेच चित्र पुन्हा आलं तेव्हा मुलं न सांगताच उठली. सावल्या पुन्हा नाचल्या, या वेळी हळूहळू. कुणीतरी म्हणालं, “न्हाईत.” एक बिहारची मुलगी शेवटपर्यंत एक एक दगड बोटानं तपासत होती. मग तीही मागं वळून शालूकडं बघत म्हणाली, “नहीं है.” आणि जागेवर जाऊन बसली.

कुणी रडलं नाही. दुसरीतला एक मुलगा त्या दिवशी गप्प गप्प होता आणि दुसऱ्या दिवशी त्यानं बाईंना टिटवी परत बसली का ते विचारलं, असं सत्यशीलाबाईंनी कळवलं. यशश्रीनं त्यावरून फिल्म तिसरीपासून पुढच्यांसाठीच ठेवली. शालूला ते पटलं नाही, पण तिनं वाद घातला नाही. लेकरांना शिकवलेलं यशश्रीनं होतं, तिनं नव्हतं.

फिल्म बदनापूर, घनसावंगीकडच्या बऱ्याच शाळांत गेली. एका ठिकाणी गुरुजींनी रिकामी खडी पळवून पुढं नेली, कारण त्यांना वाटलं फिल्म अडकली. दुसऱ्या एका शाळेतून विचारणा आली की हे बोलणाऱ्या बाई कोणत्या गावच्या. परमेश्वरनं मिलमध्ये जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर चार जणांना दाखवली. “आवाज आमच्या घरातला हाये,” एवढंच तो म्हणाला, पण त्या दिवशी येताना पेढे घेऊन आला. माहेराहून शालूची आई जयवंताबाई आल्या होत्या. त्यांनी टिटवी पोट भिजवते ते पुन्हा लावायला सांगितलं आणि म्हणाल्या, “इतकी वर्षं मी तिला हाकलतच आले बाई.”

शालू अजून गजाननभाऊंकडं आहे. सराईत लग्नं, इतर वेळी यशश्रीचं काम. मामाला अजूनही ती अक्षता टाकणाऱ्यांत बसवते. त्या लोकांना तेच हवं असतं, आणि मामाही खूश होतो.

गेल्या श्रावणात शेणकिड्यावर काम सुरू झालं. शालू हौसेनं शूटिंग बघायला गेली. बदनापूरच्या माळावर ऋषी कॅमेरा जमिनीला टेकवून पालथा पडला होता. पुढं एक किडा उलटा होऊन मागच्या पायांनी शेणाची गोळी ढकलत होता. गोळी एका दगडाला अडली. किडा चढला, घसरला, पुन्हा चढला.

“दगड काढू का थोडा?” ऋषीनं विचारलं. “ऊन गेलं तर परत यावं लागंल.”

शालूनं यशश्रीकडं पाहिलं. यशश्रीनं नको अशी मान हलवली, पाण्याची बाटली काढली आणि बाभळीच्या सावलीत जाऊन बसली. शालूही तिच्याशेजारी बसली. ऋषीनं कॅमेरा चालूच ठेवला.